सात प्रती

गिर्ये गावात, बंदरखात्याच्या जुन्या कोठीत
मला चाळीस दिवस मिळाले आहेत,
एक टेबल, एक हातानं फिरवायचं दाबयंत्र,
आणि अट एवढीच :
जाताना सात प्रती ठेवून जायच्या.

पहिला आठवडा कागदाशी भांडण्यात गेला.
इचलकरंजीत मी कागद भिजवायचो,
इथे तो आपणहून भिजतो.
रात्री खाडी खिडकीतून आत येते,
सकाळी ताव हाताला लागतात
आजाऱ्याच्या कपाळासारखे.
शाई वाळत नाही.
मंगळवारी दोरीवर टांगलेला छापा
शुक्रवारीही बोट काळं करतो.

शिवणीचा ठोकळा सोबत आणला होता,
त्यावर किल्ला कोरायला घेतला.
तट, बुरूज, लाटा, वर एक घार.
तिसऱ्या दिवशी कळलं, मी पोस्टकार्ड कोरतोय.
कोरणी पुसून ठेवली.

मग बुधाजी जुवाटकर दारात उभा राहिला,
एकेकाळी होड्या बांधणारा, आता नुसता बघणारा.
आत आला नाही.
"लाकूड व्हया तर गोदीकडे ये," म्हणाला,
"उंडीचा आसा."

गोदीच्या चिखलात एक पडाव
कुशीवर निजलेला, बरगड्या मोजाव्यात असा.
नाळेकडची एक फळी आम्ही पहारीनं सोडवली.
गंजके खिळे निघताना कण्हत होते
आणि बुधाजी एकेकाला म्हणत होता,
"चल, सुटलंस."

खाऱ्या पाण्यातल्या किड्यानं
फळीची पार चाळण केलेली.
मला कोरायला जागाच ठेवली नव्हती.
मी रूळ फिरवला, कागद टाकला.
फळी यंत्रात मावेना,
म्हणून करवंटीच्या पाठीनं घासत राहिलो
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
खांदा भरून येईस्तोवर.

कागद उचलला.
काळ्यावर पांढरी भोकं, शेकड्यांनी.
मला वाटलं, आभाळ.
बुधाजीला तसं काही वाटलं नाही.
"हयसून पाणी येय," तो म्हणाला,
आणि एका भोकाजवळ बोट नेलं,
टेकवलं नाही.

कडेला तीन अक्षरं उमटली होती,
जुन्या रंगाचे पापुद्रे उंच राहिलेले.
उलटी.

माझे वडीलही खिळ्यांतच राबले, शिशाच्या.
लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं,
सूतगिरणीची पावतीपुस्तकं
ते उलटी वाचायचे, सुलट्याहून झपाट्यानं.
शेवटच्या महिन्यात पेपर हातात दिला
की आरसा मागायचे.
आम्हाला वाटायचं, भ्रम झालाय.

मी वाचलं : मथुरा.
"कोण?"
"भयण," बुधाजी म्हणाला, आणि विडी शोधू लागला.

ती आली तिसाव्या दिवशी,
डोक्यावर रिकामी पाटी, मासळी विकून.
भिंतीवरच्या पाची प्रती बघून झाल्यावर विचारलं,
"ह्यात माझां नाव खंय?"
मी दाखवलं. म्हटलं, मावशी, उलटं आलंय,
छाप्यात असंच येतं.
"माका वाचूक येणा नाय," ती म्हणाली,
"उलटां काय नि सुलटां काय."
तरी बराच वेळ तिथेच उभी राहिली,
पाटी न उतरवता.

सहा प्रती कोठीत ठेवल्या, पेन्सिलीनं आकडे घालून.
सातवीपुढे वहीत लिहिलं :
ओलाव्यानं खराब.

प्रती पुऱ्या झाल्या की ठसा रद्द करायचा,
त्यावर आडवा ओरखडा मारायचा,
असा आमच्यात रिवाज आहे.
मी कोरणी घेऊन गेलो
तर बुधाजीच्या परसात फळीचे चार तुकडे झालेले,
दोन चुलीत गेलेले,
वर हंडा.
शाईमुळे धूर जरा जास्तच काळा येत होता.

"गाडी किती वाजता?" त्यानं विचारलं.
"चारला."
"मगे न्हावन जा."

त्या पाण्यानं न्हालो.
नखांतलं काळं निघालं नाही.